तासांचा हिशेब

रेवस हे नाव कानी पडले की ज्याच्या मनाच्या दफ्तरी या जिल्ह्याचे नाव अद्याप कुलाबा असेच नोंदलेले आहे, अशा वृद्ध मुंबईकरास १७ जुलै १९४७ रोजी काश्याच्या खडकानजीक बुडालेली ‘रामदास’ आगबोट आठवते, आणि त्याच्या नातवास, जर त्याला रेवस ठाऊकच असेल तर, भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच आठवते. मोटारगाडीच्या, त्यातही केवळ वेगासाठी घडवलेल्या मोटारगाडीच्या अंतरंगात फिरणाऱ्या एका बोटभर रुंदीच्या साखळीविषयी लिहावयाचे आणि त्यासाठी धरमतर खाडीच्या मुखावरील हा चिखलाचा, सुक्या मासळीच्या वासाचा धक्का निवडावयाचा, हे वाचकास प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे. परंतु या धक्क्याला लागणाऱ्या लाँचेसवर आणि पलीकडे बोडणीच्या कोळीवाड्यातील मच्छीमार नौकांवर इंजिनाचे वय मोजण्याचे जे माप अद्याप वहिवाटीत आहे, तेच माप मोटारवाल्यांनी टाकून दिले असून, त्यांच्या कित्येक महागड्या गाड्यांचे अकाली आजारपण त्या विस्मरणातून उद्भवले आहे, असे माझे मत झाल्यामुळे हा लेख रेवसपासून आरंभणे मला भाग आहे.

रेवससमोर करंजा. मध्ये दोनएक किलोमीटरची खाडी, जी ओलांडण्यास तर आहे, आणि तर चुकली तर वडखळमार्गे लांबलचक वळसा आहे. बॅरिस्टर अंतुले यांनी मुख्यमंत्रिपदाच्या काळात कोकणास रेवस ते रेड्डी अशा सागरी महामार्गाचे स्वप्न दाखवले, त्याला चार दशके लोटली, आणि त्या मार्गातील या पहिल्याच पुलाची तजवीज आता कोठे कागदावरून पाण्यात उतरली आहे. शेजारच्या मांडव्याचे भाग्य निराळे. तेथे १५ मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट येते आणि आपल्या पोटातून मोटारी ओकते. शनिवारी सकाळी त्या जबड्यातून बुटक्या, रुंद, धुराड्यातून गुरगुरणाऱ्या जर्मन गाड्यांची जी मिरवणूक निघते, ती सासवने, चोंढी, आवास या बाजूंच्या बागायतींतून वसवलेल्या बंगल्यांत एक रात्र मुक्काम करते आणि रविवारी सायंकाळी परतते. तूर्त आपले लक्ष या गाड्यांच्या पुढील झाकणाखाली.

चार टप्प्यांच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा लागतो, कारण झडपा कोणत्या क्षणी उघडावयाच्या आणि कोणत्या क्षणी मिटावयाच्या, हे कॅमच्या हाती असते. खालच्या क्रँकचा हुकूम वरच्या कॅमपर्यंत बिनचूक पोहोचवण्याचे काम ज्या साखळीकडे सोपवलेले असते, ती टायमिंग चेन. या साखळीच्या एका बाजूस प्लॅस्टिकची घसरपट्टी, म्हणजे गाइड, आणि ढिल्या बाजूस ऑइलच्या दाबावर चालणारा टेन्शनर असतो, जो साखळीस सतत रेटून धरतो. बुश आणि रोलर असलेली आजची साखळी मँचेस्टरला स्थायिक झालेल्या हान्स रेनॉल्ड या स्विस गृहस्थाच्या १८८० सालच्या कल्पनेची वंशज होय. गेल्या शंभर वर्षांत तिने पट्ट्याशी आणि दातेरी चक्रांशी स्पर्धा केली, कधी हरली, कधी जिंकली; पण तिच्या रचनेतील मूळ तत्त्व बदलले नाही, आणि तिची मूळ व्याधीही बदलली नाही.

गॅरेजात मिस्त्री म्हणतो की चेन वाढली. मालकास वाटते, लोखंड ताणले गेले. वस्तुतः कड्यांच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. दोन कड्यांना जोडणारी खीळ आणि तिच्याभोवतीची नळी यांच्या घर्षणाने सांधा किंचित सैल होतो, आणि सांधे शंभराहून अधिक असल्यामुळे किंचितची बेरीज दृश्य होते. गणिताकरिता अशी साखळी घेऊ की जिच्या दोन सांध्यांतील अंतर ८ मिलिमीटर आहे आणि जीत १५० सांधे आहेत. प्रत्येक सांधा अवघा ०.०२ मिलिमीटर झिजला, म्हणजे माणसाच्या डोक्याच्या केसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, तरी १२०० मिलिमीटरच्या साखळीची लांबी ३ मिलिमीटरने वाढते. क्रँकपासून कॅमपर्यंतच्या ताणलेल्या बाजूच्या वाट्यास साधारण ४५० मिलिमीटर साखळी येते असे धरले, तर तिथली वाढ सव्वा मिलिमीटरच्या आत राहते, आणि ४४ दात्यांचे कॅमचे स्प्रॉकेट तेवढ्याने सुमारे सव्वा अंश मागे पडते. क्रँकच्या मापात ते दुप्पट, म्हणजे सव्वादोन-अडीच अंश. झडप आपल्या ठरल्या मुहूर्तापेक्षा उशिरा उघडू लागली. ढिल्या बाजूकडील शिल्लक टेन्शनर आपला दट्ट्या पुढे सारून गिळून टाकतो, म्हणून प्रारंभी आवाजही होत नाही. परंतु दट्ट्याच्या प्रवासाला सीमा आहे आणि झिजेला नाही.

गाडीच्या संगणकास मात्र हा विलंब कळतो. क्रँक आणि कॅम यांच्यावरील दोन सेन्सर परस्परांशी ताडून पाहिले जातात, आणि तफावत सह्य मर्यादेबाहेर गेली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. स्कॅनर लावला असता पी ००१६, पी ००१७ असले क्रमांक उमटतात. हा दिवा लागेपर्यंत थांबणे म्हणजे जप्तीची नोटीस दारावर चिकटल्यावर कर्जाची चौकशी करणे होय. त्यापूर्वी कित्येक महिने, रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू करताच एक-दोन सेकंद सुक्या शेंगांसारखी जी खडखड ऐकू येते आणि लगेच विरते, ती खरी पूर्वसूचना. रात्रीत टेन्शनरमधील ऑइल ओघळून गेलेले असते, पंपाचा दाब चढेपर्यंत साखळी मोकळी हेलकावते आणि गाइडवर आपटते. झाकण बंद, काचा बंद, गाणे चालू, अशा अवस्थेत बसलेल्या मालकास ते ऐकू येत नाही. बंगल्याच्या राखणदारास येते, परंतु त्याला कोणी विचारत नाही.

हे सांधे झिजतात कशाने? साखळीच्या खिळीचा आणि नळीचा परस्परस्पर्श होऊ नये म्हणून ऑइलचा जो पापुद्रा मध्ये असावा लागतो, तो शाबूत आहे तोवर पोलाद पोलादास खात नाही. आधुनिक वेगवान पेट्रोल इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. त्यामुळे शक्ती वाढली, पण काजळीही वाढली. ती काजळी ऑइलमध्ये उतरते आणि सूक्ष्म वाळूसारखी सांध्यात बसून घासत राहते. इंजिन पुरते तापण्यापूर्वीच बंद केले, तर न जळलेले पेट्रोलही ऑइलमध्ये मिसळून ते पातळ करते. शिवाय उच्च दाबाचा इंधनपंप बहुधा कॅमवरच बसवलेला असतो, त्याचे धक्के साखळीस सोसावे लागतात. व्हेरिएबल टायमिंगची यंत्रणा कॅमला पुढेमागे करते तेव्हा ओढीची दिशा पालटते. आणि फेरे वाढतील तसा साखळीच्या स्वतःच्याच वेगामुळे उत्पन्न होणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शर्यतीच्या गाडीत हे सर्व अपेक्षित असते आणि तिचे इंजिन वारंवार उघडलेही जाते. शर्यतीच्या गाडीचे इंजिन घेऊन भाजी आणावयास जाणाऱ्या गृहस्थाची पंचाईत ही की त्याच्या इंजिनावर भार पहिल्या प्रकारचा आहे आणि निगा दुसऱ्या प्रकारची.

आता रेवसच्या धक्क्यावरील मापाकडे येऊ. लाँचच्या किंवा मच्छीमार नौकेच्या इंजिनास किलोमीटर नसतात. भरती-ओहोटीच्या प्रवाहाविरुद्ध पूर्ण जोराने चालूनही नौका जागच्या जागी राहू शकते, आणि जाळे टाकून तासन्‌तास मंद गतीने घरघरतही राहू शकते. अंतराचा हिशेब तेथे निरर्थक. म्हणून समुद्रावरचा ड्रायव्हर इंजिन किती तास चालले याची नोंद ठेवतो, आणि साधारण अडीचशे तास भरले की ऑइल व फिल्टर बदलतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात नौका ओढून शाकारल्या जातात आणि राहिलेली दुरुस्ती तेव्हा उरकली जाते. नौकेतील बहुतेक डिझेल इंजिनांत कॅमकडे गती नेण्यास साखळी नसतेच, दातेरी गिअर असतात. त्यामुळे टायमिंग चेनची कैफियत घेऊन आलेल्या मोटारवाल्याकडे येथील फिटर जरा कीव केल्यासारखेच पाहतो. पण ऑइल किलोमीटरने म्हातारे होत नाही, तासाने होते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

मोटारीच्या माहितीपुस्तकात लिहिलेले असते की १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष झाले की ऑइल बदलावे. महामार्गावर ताशी ६० च्या सरासरीने धावणाऱ्या गाडीस हे अंतर कापण्यास २५० तास लागतात, म्हणजे कागदावरचा नियम आणि रेवसचा नियम येथे तंतोतंत जुळतात. परंतु मुंबईच्या वर्दळीत जिची सरासरी ताशी १५ पडते, त्या गाडीचे तेच १५,००० किलोमीटर १,००० तासांचे होतात. किलोमीटरच्या काट्याला दोन्ही गाड्या समवयस्क; साखळीच्या लेखी दुसरी चौपट वृद्ध. डिझेल नौकेचा नियम पेट्रोल मोटारीस जसाच्या तसा लावणे शास्त्रशुद्ध नव्हे, हे मी जाणून आहे, तरी प्रमाणाची कल्पना येण्यास तो पुरेसा आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या, २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूवरून हीच गाडी ताशी १०० च्या कायदेशीर मर्यादेत, क्वचित मर्यादा विसरून, अर्धी घटका सुखाने धावते. पुढे वडखळ-अलिबाग रस्त्यावर शनिवारच्या रांगेत अडकते आणि वातानुकूलन चालू ठेवून तासभर उभीच चालत राहते. उभ्या गाडीच्या मंद फेऱ्यांत ऑइलचा दाब सर्वांत कमी असतो. त्यानंतर बंगल्यात आठवडेच्या आठवडे निश्चल उभे राहणे, आणि मग बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन परत येणे. साखळी झिजवण्याचा अभ्यासक्रम आखावयाचा झाला, तर याहून परिपूर्ण आखता येणार नाही.

माझे म्हणणे ज्यांना धक्क्यावरचा गावगप्पांचा मजकूर वाटेल, त्यांच्यासाठी एक भारदस्त दाखला देतो. अमेरिकेच्या जनरल मोटर्स कंपनीच्या ३.६ लिटर व्ही-सहा इंजिनांत टायमिंग चेन अकाली झिजल्याच्या तक्रारी जेव्हा वाढल्या, तेव्हा त्या कंपनीने केलेल्या उपायांपैकी एक असा होता की गाडीच्या संगणकातील ऑइलचे शिल्लक आयुष्य सांगणारी आज्ञावली बदलावी, जेणेकरून ती चालकास ऑइल लवकर बदलण्यास सांगेल. धातू बदलला नाही, मुदत बदलली.

मुदत हा या प्रकरणातील कळीचा मुद्दा आहे. १९६२ साली जर्मनीतील ग्लास कंपनीने आपल्या १००४ या गाडीत साखळीऐवजी रबरी दातेरी पट्टा प्रथम आणला. तो स्वस्त होता, शांत होता, ऑइलवाचून चालत होता, पण नाशवंत होता, आणि म्हणून त्याच्यासोबत एक तारीख आली. इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षे झाली की पट्टा बदलावा, अन्यथा परिणामास मालक जबाबदार. पुढे कारखानदार पुन्हा साखळीकडे वळले तेव्हा विक्रेत्यांनी साखळी इंजिनाच्या जन्माची सोबतीण म्हणून मिरवली. आणि त्याच सुमारास घर्षण कमी करावे, वजन कमी करावे, जागा वाचवावी म्हणून ती सडपातळ करण्यात आली. मर्सिडीजच्या एम २७१ इंजिनात पूर्वीच्या दुपदरी साखळीच्या जागी एकपदरी आली, हे एक उदाहरण. म्हणजे वस्तू नाजूक केली आणि तिची तारीख काढून टाकली. ज्या रकमेला परतफेडीची मुदत नाही, तिचा तगादा कोणी लावत नाही. साखळीचे नेमके तेच झाले.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर रांजणगावच्या फियाट कारखान्याने या इतिहासातील विनोद घरपोच दिला. १२४८ सीसीचे छोटे मल्टिजेट डिझेल, जे मानेसरला मारुतीकडेही तयार होई आणि स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, लिनिआ अशा परस्परांच्या प्रतिस्पर्धी गाड्यांत बसत असल्यामुळे ज्याला थट्टेने राष्ट्रीय इंजिन म्हणत, ते साखळीवर चालत होते. आणि त्याच कारखान्यातून २०१५ मध्ये निघालेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंतो, जिला आपल्याकडील परवडणारी शर्यतीची गाडी म्हणता येईल, ती पट्ट्यावर. टॅक्सीस साखळी, शर्यतवालीस पट्टा! पैकी पट्टावालीचा मालक तारीख पाळी, कारण तारीख होती. मल्टिजेटच्या टॅक्सींपैकी लांब पल्ल्याच्या आणि वेळेवर ऑइल पाहिलेल्या गाड्या लाखो किलोमीटर गेल्या. ज्यांचे ऑइल डांबर होईतो कोणी झाकण उघडले नाही, त्यांची साखळी वाढली, आणि काहींची उडी मारून दाता सोडून बसली.

दाता सोडणे म्हणजे काय, हे सांगणे अप्रिय आहे पण आवश्यक आहे. या इंजिनांत उघडी झडप आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेवर हक्क सांगतात, केवळ वेळ निराळी असल्यामुळे भांडण टळते. साखळी घसरली की वेळ एक होते. झडपा वाकतात, क्वचित पिस्टनला भोक पडते, आणि जे काम साखळी, गाइड, टेन्शनर यांवर भागले असते, ते हेड उतरवण्यावर जाते. फोक्सवागेन समूहाच्या ईए ८८८ या १.८ व २.० लिटरच्या टर्बो इंजिनांच्या दुसऱ्या पिढीत, जी आपल्याकडे स्कोडा लॉरा व सुपर्ब यांतून पुष्कळ आली, साखळी पुरेशी धडधाकट असतानाही टेन्शनरची आतील अटक निकामी होऊन दट्ट्या मागे सरे आणि स्टार्ट करतानाच घात होई. अमेरिकेत यावर मालकांनी सामूहिक दावा लावला आणि २०१८ मध्ये तडजोड झाली. या इंजिनात निदान एक सोय आहे. पुढील झाकणातील लहानसे बूच काढून आत बॅटरी मारली असता टेन्शनरच्या दट्ट्यावरील किती खाचा बाहेर आल्या आहेत हे मोजता येते, आणि इंजिन न उघडता साखळीचे उरलेले आयुष्य कळते.

सर्वच इंजिनांत असे औदार्य नाही. बीएमडब्ल्यूचे एन ४७ डिझेल, जे ३२० डी आणि ५२० डी मधून आपल्याकडे आले, आणि औडी एस ४ चे ४.२ लिटरचे व्ही-आठ, या दोहोंत साखळ्या इंजिनाच्या पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूस आहेत. रचनाकारांची त्यामागे कारणे असतील, आणि ती कागदावर शोभतही असतील. परंतु पाचशे रुपयांच्या प्लॅस्टिकसाठी अख्खे इंजिन खाली उतरवावे लागते तेव्हा मिस्त्रीच्या तोंडून त्या रचनाकाराच्या कुळाचा जो उद्धार होतो, तो या अंकात छापण्याजोगा नाही. अशा गाडीचा खर्च लाखांत मोजावा लागतो आणि त्यातील मोठा हिस्सा मजुरीचा असतो. करंजासमोरून न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या प्रचंड जहाजांपैकी कित्येकांच्या मॅन बी अँड डब्ल्यू इंजिनांतही कॅमसाठी साखळीच असते. पण तिथे साखळी तपासण्यास दार असते, तिच्या वाढीचे माप घेऊन नोंदवहीत लिहिण्याचा रिवाज असतो, आणि ती ताणून घेण्यासाठी बोल्टाची व्यवस्था असते. जहाजाने साखळीस मुदतही दिली आणि खिडकीही. मोटारीने दोन्ही काढून घेतल्या.

दुरुस्तीची रीत एकदा समजून घेतली म्हणजे अंदाजपत्रक वाचताना मालक फसत नाही. पुढचे झाकण आणि बहुधा ऑइलचे चेंबरही उतरते. ते उतरले की चेंबरच्या तळाशी आणि पंपाच्या जाळीत गाइडच्या प्लॅस्टिकचे तुकडे आहेत काय, हे प्रथम पाहावे; ही जाळी न साफ करता नवी साखळी बसवणे म्हणजे ऑइलच्या वाटेवर दगड ठेवून निघून जाणे, आणि असे करणारी दुकाने आहेत. मग त्या त्या इंजिनाची लॉकिंग टूल लावून क्रँक आणि कॅम जागच्या जागी जखडतात. साखळी, सर्व गाइड, टेन्शनर हे एकत्र बदलावयाचे. झिजल्या साखळीने दाते आपल्या मापाने कोरून काढलेल्या स्प्रॉकेटवर नवी साखळी चढवली, तर जुना दाता नव्या सांध्यास पहिल्या दिवसापासून चुकीच्या जागी धरतो, म्हणून दात्यांची तोंडे आकड्यासारखी वाकलेली दिसली तर स्प्रॉकेटही बदलले पाहिजेत. कॅमचे मुख्य बोल्ट विशिष्ट कोनापर्यंत पिळून ताणावयाचे असतात आणि अनेक कंपन्यांच्या नियमाप्रमाणे ते एकदाच वापरावयाचे. जुनेच परत बसवून बिलात नव्यांचे दाम लावणे ही एक प्रचलित हातचलाखी आहे.

साखळीच्या काही कड्या रंगवलेल्या असतात; त्या स्प्रॉकेटवरील खुणांशी जुळवल्या की टायमिंग मिळाले. त्यानंतर टूल काढून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावयाचा, म्हणजे कॅमचा एक फेरा पूर्ण होतो आणि कोठे अडले तर हातालाच कळते, झडपेला नव्हे. येथे शिकाऊ पोरे हमखास घाबरतात, कारण दोन फेऱ्यांनंतर स्प्रॉकेटच्या खुणा जागेवर येतात पण रंगीत कड्या भलतीकडेच गेलेल्या दिसतात. ते बरोबर असते. साखळीतील कड्यांची संख्या आणि स्प्रॉकेटचे दाते यांचा मेळ असा असतो की त्या रंगीत कड्या पुन्हा त्याच खुणांवर येण्यास कितीतरी फेरे जावे लागतात. हे ज्याला ठाऊक नाही, तो बरोबर बसवलेली साखळी पुन्हा उतरवतो आणि दुसऱ्या खेपेस एक दाता चुकवतो. शेवटी इंधन बंद ठेवून स्टार्टरने इंजिन काही क्षण नुसते फिरवावे, दाब चढू द्यावा, टेन्शनर भरू द्यावा, मगच पेटवावे. स्कॅनरवर कॅम-क्रँकमधील तफावत शून्याच्या आसपास आली, म्हणजे रुजुवात झाली. पहिले ऑइल हजार किलोमीटरच्या आतच काढून टाकणे इष्ट. उघडलेल्या इंजिनात सीलंटचा आणि झिजेचा कचरा थोडाफार राहतोच.

अलीकडे अशा गाड्या दोन-तीन हातांनंतर अलिबाग-पेणकडील हौशी तरुणांपर्यंत अर्ध्या-पाव किमतीत येऊ लागल्या आहेत, आणि जाहिरातीत एकच आकडा ठळक असतो, तो किलोमीटरचा. पुष्कळ गाड्यांच्या संगणकात इंजिन चाललेल्या तासांचीही नोंद असते. स्कॅनरवाल्यास ती काढून दाखवावयास सांगावी, आणि किलोमीटरला तासांनी भागावे. भागाकार पन्नासच्या घरात आला तर गाडी हमरस्त्यावर जगली. वीसच्या खाली आला तर ती रांगेत उभी राहून म्हातारी झाली, मग किलोमीटर कितीही कमी असोत. सौद्याच्या दिवशी सकाळी लवकर, न कळवता, जावे. बॉनेटला हात लावावा. ते गरम लागले आणि विक्रेता म्हणाला की आत्ताच जरा पेट्रोल भरून आणले, तर चहा घ्यावा, आभार मानावे, आणि दुसऱ्या दिवशी त्याहूनही लवकर जावे.